कुंडीतला गांजा

हल्ली दवाखान्यात एक नवाच प्रश्न ऐकू येतो. "डॉक्टरसाहेब, अमेरिकेत म्हणे घरी गांजा लावता येतो. आपल्या इथं कुंडीत एखादं झाड लावलं तर काय बिघडते जी?" विचारणारा बहुधा कॉलेजातला मुलगा असतो आणि प्रश्न तो नेहमी 'मित्रासाठी' विचारतो.

बाहेरची गोष्ट अर्धी खरी आहे. कॅनडाने २०१८ साली गांजा कायदेशीर केला. तेथे बहुतेक प्रांतांत घरी चार झाडे चालतात. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडे लावता येतात. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याचा न्याय वेगळा. कोलोरॅडोत सहा झाडे चालतात, तर काही राज्यांत गांजा दुकानात मिळतो पण घरी लावता येत नाही.

आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थ कायदा आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे विनापरवाना गांजाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शेत की कुंडी, असा भेद कायदा करीत नाही. "मी भांगेच्या पानांसाठी लावले" हेही चालत नाही. फुलोऱ्याशिवायची पाने या कायद्याच्या गांजात मोडत नाहीत हे खरे; पण झाड लावणे हाच गुन्हा आहे. शिवाय महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याची बंधने आहेत ती वेगळीच. जमीनधारकाने अशी लागवड माहीत असून कळवली नाही तर तोही अडकतो, आणि सरपंच-पंचांवरही कळविण्याची जबाबदारी आहे. तेव्हा मुलाच्या कुंडीची झळ बापाला लागू शकते.

हा कायदा मला पूर्ण पटतो असे नाही. एक रोप आणि एक एकर यांना एकच कलम, हा कसला न्याय? बाळगलेल्या गांजाचे वजन करून शिक्षा ठरते. एक किलोपर्यंतचा 'अल्प', वीस किलोच्या वरचा 'व्यापारी'. झाडांना अशी पायरी नाही; ती असावी. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्याने पिकांना भाव नाही म्हणून दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. तिला प्रसिद्धीचा स्टंट ठरवले गेले. कापसाचा भाव माहीत असलेल्या वर्धेकराला त्यात थट्टा दिसणार नाही.

पण घरोघरी लागवडीला परवानगी द्या, असे मी म्हणणार नाही. कारण घरात पंधरा-सोळा वर्षांची पोरेही असतात. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात नियमित गांजा ओढणाऱ्यांची स्मरणशक्ती आणि अभ्यास मागे पडतो, आणि ज्यांच्या घराण्यात मानसिक आजार आहे त्यांना संशय, भास, बडबड अशी लक्षणे सुरू होण्याचा धोका वाढतो. घरचे लोक आधी 'बाहेरचं लागलं' म्हणून अंगारे-धुपारे करतात, महिने निघून जातात, आणि मग डॉक्टर आठवतो. "शंकराचा प्रसाद आहे, झाडपाला आहे" हा युक्तिवाद मला नका सांगू. धोतराही झाडपालाच आहे.

औषध म्हणून? या झाडातील एका घटकापासून केलेले औषध लहान मुलांच्या काही कठीण फिट्सवर वापरले जाते. पण ते शुद्ध केलेले, मोजून दिलेले औषध असते. कुंडीतल्या झाडात कोणता घटक किती, हे घरी कोण मोजणार?

आता पालकांसाठी महत्त्वाचे. याच कायद्यात ६४-अ कलम आहे. सेवन किंवा अल्प प्रमाण बाळगण्याच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावरील खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाते. लागवडीच्या गुन्ह्याला मात्र ही सवलत नाही. ओढणाऱ्या मुलासाठी कायद्याने ठेवलेला दरवाजा गच्चीवरची कुंडी बंद करून टाकते.

म्हणून मुलाचे डोळे लाल दिसले, पैसे गायब होऊ लागले, तो एकटा बसू लागला, तर आधी मारझोड करू नका आणि लपवूही नका. आमच्या नालवाडीहून वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय दूर नाही, सेवाग्रामही जवळच आहे. तेथील मानसोपचार विभागात जा. फोनच करायचा तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे.