थोडें करूं म्हणणारा पक्ष

आषाढ शुद्ध नवमीस आमच्या घरीं कांदेनवमी यथासांग होते. भजीं, थालिपीठें आणि भरलीं वांगीं ह्यांच्या संगतीनें कांद्यास निरोप दिला जातो, आणि मग चातुर्मास संपेपर्यंत स्वयंपाकघरांत त्याचें नांव निघत नाहीं. परंतु विंचुरास राहणाऱ्या माणसास कांदा जिभेपुरताच वर्ज्य करतां येतो, कानापुरता करतां येत नाहीं. लासलगांव बाजार समितीचें उपबाजार आवार येथेंच आहे. हंगामांत सकाळीं पूजेस बसावें तों रस्त्यानें ट्रॅक्टरांची रांग चाललेली असते, आणि ओसरीवर येऊन टेकणारा प्रत्येक मनुष्य त्या दिवसाचा भाव सांगूनच बोलण्यास आरंभ करतो. भावावरून बोलणें सरकारावर येतें, आणि सरकारावरून निवडणुकीवर.

अशा बोलण्यांत मला वारंवार एका लहान पक्षाची आठवण होते. इतर सर्व पक्ष ‘आम्ही तुमच्यासाठीं इतकें इतकें करूं’ असें सांगत असतां ह्या पक्षानें ‘आम्ही थोडें करूं, पण तें चोख करूं, बाकीचें तुमचें तुम्हांस करूं देऊं’ असें सांगून मतें मागितलीं. तीं त्यास फारशीं मिळालीं नाहींत. कां मिळालीं नाहींत, आणि मतें न मिळाल्यानें त्याचें म्हणणें खोटें ठरतें काय, ह्याचा विचार ह्या महिन्यांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतों. ८ डिसेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत चाळीस टक्के निर्यातशुल्क बसलेंच होतें. डिसेंबरांत बाजारास येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळींत भरून चार-पांच महिने ठेवतां येतो. लाल कांद्यास ती सोय नाहीं, तो काढला कीं विकावाच लागतो. भाव कोसळले, ठिकठिकाणीं लिलाव बंद पडले, चांदवडास शेतकरी महामार्गावर उतरले. त्या दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी भरलेला ट्रॅक्टर परत घेऊन जातांना वाटेंत माझ्याकडे थांबला. पाण्याचा पेला हातांत घेऊन तो एवढेंच म्हणाला, “गुरुजी, सरकारनें मला कांहीं देऊं नये. माझ्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्यें मात्र उभें राहूं नये.”

ही बंदी ४ मे २०२४ रोजीं उठली. किमान निर्यातमूल्य आणि चाळीस टक्के शुल्क मात्र राहिलें. आमच्या दिंडोरी मतदारसंघाचें मतदान २० मे रोजीं होतें. पुढें सप्टेंबरांत शुल्क निम्म्यावर आलें आणि किमान मूल्याची अटही गेली; नोव्हेंबरांत विधानसभेची निवडणूक होती. ह्या तारखा शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे अधिक भाष्याची गरज उरत नाहीं. दार लावतांना शहरांतील गिऱ्हाईक मतदार म्हणून डोळ्यांपुढें असतो, उघडतांना कांद्याच्या पट्ट्यांतील शेतकरी. ह्यांत एकाच पक्षास दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. १९८० च्या लोकसभा निवडणुकींत कांद्याची महागाई हा प्रचाराचा मोठा विषय होता, आणि १९९८ सालीं दिल्लींतील पराभवासही कांदाच कारण झाल्याचें सर्वतोमुखीं होतें. ज्याच्या हातीं दाराची किल्ली असते, तो निवडणुकीच्या पंचांगाकडे पाहूनच ती फिरवितो. मग प्रश्न असा उरतो कीं, किल्ली कोणाच्या हातीं द्यावी हें ठरवावें, कीं ह्या दारास कुलूपच असूं नये असें म्हणावें?

दुसरें उत्तर देणारे शरद जोशी ह्यांचें नांव आमच्या जिल्ह्यास नवें नाहीं. भारतीय टपाल सेवेंतील अधिकारी, पुढें स्वित्झर्लंडमधील बर्न येथें जागतिक टपाल संघाच्या कचेरींत नोकरी, आणि तेथून परत येऊन चाकणजवळ आंबेठाणास कोरडवाहू जमीन घेऊन शेती, असा त्यांचा क्रम. १९८० च्या नोव्हेंबरांत त्यांच्या शेतकरी संघटनेनें नाशिक जिल्ह्यांत कांद्याच्या रास्त भावासाठीं आणि उसास टनामागें तीनशें रुपये मिळावे म्हणून रस्ते व रेल्वे अडविली. खेरवाडीस गोळीबार होऊन दोन शेतकरी प्राणांस मुकले. माल विकून खर्चही निघूं नये, उलट अडत्यासच पदरचे पैसे द्यावे लागावे, ह्या ‘उलट्या पट्टी’चा अनुभव घरोघर होता. जोशी ह्यांनीं त्याचें कारण शेतकऱ्याच्या आळसांत किंवा दैवांत न शोधतां सरकारी धोरणांत शोधलें: शहरांत धान्य स्वस्त राहावें म्हणून शेतमालाचा भाव मुद्दाम पाडला जातो. म्हणून भीक नको, घामाचे दाम हवे, ही त्यांची मागणी.

ह्याच विचारांतून १९९४ सालीं स्वतंत्र भारत पक्ष निघाला. त्याचें मूळ आणखी मागें जातें. १९५९ च्या जानेवारींत काँग्रेसनें नागपूर अधिवेशनांत सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव केला, तेव्हां राजगोपालाचारी, मिनू मसानी आणि प्रा. रंगा ह्यांनीं त्याच वर्षीं स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ सालीं लोकसभेंत त्याचे ४४ सभासद होते आणि विरोधी पक्षांत तो सर्वांत मोठा होता. १९७१ सालीं ते आठांवर आले, आणि १९७४ सालीं पक्षच दुसऱ्यांत विलीन झाला. दोन्ही पक्षांचें सूत्र एक: शासनानें संरक्षण, न्याय आणि सुव्यवस्था हीं कामें नीट करावीं, भाव ठरविणें, परवाने वांटणें, कारखाने चालविणें हें त्याचें काम नव्हे.

हा विचार विलायतेहून आला म्हणून कोणी नाक मुरडील, तर तें योग्य नव्हे. धर्मसूत्रकार बौधायनाच्या मतें प्रजेनें दिलेला सहावा हिस्सा हें राजाच्या रक्षणकार्याचें वेतन होय; म्हणजे राजा हा धनी नसून वेतन घेऊन राबणारा आहे. आणि मिताक्षरा तर आपल्या घराघरांत नांदलेली आहे. एकत्र कुटुंबाचा कर्ता वडील असला तरी वडिलार्जित स्थावर त्यास मनास येईल तसें विकतां येत नाहीं. आपत्काल, कुटुंबाचें हित किंवा अवश्य धर्मकार्य, एवढ्याच प्रसंगीं त्याचा हात चालतो. विज्ञानेश्वरानें कर्त्यास दुष्ट समजून ही मर्यादा घातली नाहीं. तो भला असला तरी घर एकट्याचें नाहीं, एवढेंच त्यानें ओळखलें.

अशा पक्षास आपल्या देशांत एक विलक्षण अडचण आहे. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यांतील २९-अ ह्या कलमान्वयें पक्षाची नोंदणी करावयाची तर राज्यघटनेप्रमाणेंच समाजवाद, सर्वधर्मसमभाव आणि लोकशाही ह्या तत्त्वांवरही निष्ठा असल्याचें लिहून द्यावें लागतें. ज्यास समाजवाद मान्यच नाहीं, त्यानें काय करावें? एक तर सही करून खोटें बोलावें, नाहीं तर पक्ष म्हणून निवडणुकीच्या दारांतच थांबावें. ह्या अटीविरुद्ध १९९६ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत याचिका दाखल झाली. पुढें २००४ ते २०१० ह्या काळांत राज्यसभेंत असतांना शरद जोशी ह्यांनीं खासगी विधेयकानें तो शब्द काढून टाकण्याचा प्रयत्न केला. तो सिद्धीस गेला नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १५ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना समितींत, समाजरचनेचा एकच सांचा घटनेंत घालून पुढच्या पिढ्यांची निवड बांधून टाकूं नये, अशा अर्थाचा युक्तिवाद करून ‘समाजवादी’ शब्दाची सूचना फेटाळली होती. तो शब्द घटनेच्या प्रास्ताविकेंत आला १९७६ सालीं. सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य असा केला असून खासगी उद्योगास त्याची आडकाठी नाहीं असें म्हटलें आहे. अर्थ इतका ऐसपैस असेल तर उत्तम. परंतु आयुष्यभर मुलांस ‘जें समजलें नाहीं तें लिहूं नका आणि जें पटलें नाहीं त्यावर सही करूं नका’ असें शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास, लोकशाहीचा पहिला कागदच मनांत एक व लेखणींत एक ठेवून भरावा लागावा, हें बरें वाटत नाहीं.

तथापि पक्षाच्या अपयशाचें खापर ह्या कलमावर फोडतां येणार नाहीं. स्वतंत्र भारत पक्ष निवडणुका लढला. २००४ सालीं राजुऱ्याहून वामनराव चटप हे त्याचे एकमेव आमदार निवडून आले, आणि शरद जोशी भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यानें राज्यसभेवर गेले. ही सोयरीक त्यांच्या अनेक चाहत्यांसही रुचली नाहीं. लहान पक्षास मोठ्यांच्या ओसरीवर बसावें लागतें आणि बसलें कीं आपला आवाज खालीं आणावा लागतो. परंतु खरें कारण मला निराळेंच वाटतें, आणि तें मला त्याच विद्यार्थ्यानें दाखविलें.

१ एप्रिल २०२५ पासून कांद्याचें निर्यातशुल्क पूर्णपणें उठलें. दार उघडलें, परंतु पीक भरपूर आलें आणि भाव पडलेलेच राहिले. पावसाळ्यांत तो पुनः आला आणि म्हणाला, “गुरुजी, आतां सरकारनें क्विंटलमागें कांहीं अनुदान द्यायला हवें.” मीं त्यास त्याचेंच मागचें वाक्य ऐकविलें. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, “इतकीं वर्षें दार लावून बुडविलें, तें कोण भरून देणार? आणि राग मानूं नका, गुरुजी, पण तुमचें निवृत्तिवेतन कोठून येतें?”

मला त्यावर चटकन् उत्तर सुचलें नाहीं. निवृत्तिवेतन हें केलेल्या चाकरीचेंच राहिलेलें वेतन आहे, असें समर्थन मी करूं शकतों. पण आपापलें समर्थन प्रत्येकाजवळ असतें, आणि त्याचेंही कांहीं लटकें नव्हतें. महागाई भत्ता वाढल्याचें वाचून मीं आजवर कधीं ‘शासनानें मर्यादेंत राहावें’ असें म्हटलेलें नाहीं. कांदा महागला कीं आमच्याच घरांत सूनबाई विचारतात, “सरकार झोपलें आहे काय?” आणि मीही मान डोलावतों. शासन मर्यादित असावें हें आम्हां सर्वांस मान्य आहे. फक्त ती मर्यादा दुसऱ्याच्या मागण्यास असावी, आपल्या नव्हे. ‘थोडें करूं’ म्हणणाऱ्या पक्षास मतें पडत नाहींत ह्याचें कारण हें.

कोणी म्हणेल, सरकारनें कांहींच केलें नसतें तर निफाड-येवल्याकडे पालखेडच्या कालव्याचें पाणी कोणीं आणलें असतें? आक्षेप रास्त आहे. एकेका शेतकऱ्यास बांधतां येत नाहीं असा कालवा, रस्ता, दवाखाना, दुष्काळांतील अन्न, हीं कामें समाजानें एकत्र होऊनच करावीं लागतात, आणि ह्या पक्षाचे कांहीं कैवारी तें पुरेसें मानीत नाहींत असें मला वाटतें. शहरांत रोजंदारीवर जगणाऱ्यासही भाकरीबरोबर कांदा लागतो. पण त्यास मदत करावयाची तर ती सर्वांच्या तिजोरींतून, उघडपणें करावी. विंचूरच्या शेतकऱ्याचा भाव पाडून त्याच्या एकट्याच्या खिशांतून करूं नये. कालवा बांधणें आणि बाजाराच्या दाराशीं रोज किल्ली घेऊन बसणें, ह्यांत भेद आहे. पहिल्या कामांत नियम सर्वांस एक असतो. दुसऱ्यांत आज कोणावर कृपा आणि उद्यां कोणावर अवकृपा, हें देणाऱ्याच्या मर्जीवर राहतें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें सांगावयास नकोच. समाईक पेटींतून एकानें मुलाच्या मौंजीसाठीं जास्त उचललें कीं दुसरा मुलीच्या लग्नासाठीं मागतो आणि तिसरा घराच्या माडीसाठीं. पेटी तर रिकामी होतेच. पण त्याहून वाईट असें होतें कीं, सर्व भाऊ कर्त्याची खुशामत करूं लागतात. मागणारे वाढले कीं देणाऱ्याची सत्ता वाढते. कर्त्यास मिताक्षरेनें मर्यादा घातली. भावांच्या मागण्यांस मात्र कोणतेंही शास्त्र मर्यादा घालूं शकत नाहीं, ती ज्याची त्यानेंच घालावयाची असते. घरें मोडलीं तीं बहुधा ह्या दुसऱ्या मर्यादेच्या अभावीं.

शरद जोशी १२ डिसेंबर २०१५ रोजीं निवर्तले. त्यांच्या पक्षास राज्य मिळालें नाहीं. पण लहान पक्षाचें मोल केवळ जागांनीं करावयाचें नसतें. सर्वजण ‘काय द्याल?’ असें विचारीत असतां ‘काय कराल तें असूं द्या, काय करणार नाहीं तें सांगा’ असा प्रश्न त्यानें मतदाराच्या तोंडीं घातला. पुढील निवडणुकींत उमेदवार ओसरीवर आला म्हणजे हा प्रश्न त्यास विचारावा असें मीं ठरविलें आहे. मात्र विचारण्यापूर्वीं, मी स्वतः त्याच्यापाशीं काय मागणार नाहीं, हें एका कागदावर लिहून काढीन. दोन संध्याकाळीं तो कागद पुढें घेऊन बसलों आहें. अजून एकच ओळ लिहून झाली आहे. वाचकांनींही आपापल्या घरीं हा प्रयोग करून पाहावा, एवढी विनंति करून येथें थांबतों.