नवखा भालाईत आणि न संपलेली लढाई

ऐतिहासिक लढाया मैदानावर पुन्हा उभ्या करण्याचा छंद ब्रिटनमध्ये गेल्या अर्धशतकात चांगलाच रुजला आहे. सुटीच्या दिवशी नाना व्यवसायांतील माणसे सतराव्या शतकातील पोशाख चढवतात, गावाबाहेरच्या शेतात दोन फळ्या धरतात आणि पावणेचारशे वर्षांपूर्वी संपलेली लढाई प्रेक्षकांसमोर पुन्हा लढतात. हा पोरखेळ आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु सामान्य जनांच्या मनात इतिहास कोणत्या वाटेने शिरतो याची ज्याला फिकीर आहे, त्याला इतके सोपे उत्तर परवडणार नाही. शाळा सुटल्यावर इतिहासाचे पुस्तक पुन्हा कधीच न उघडणारी माणसे अशा मैदानावर इतिहास पाहतात, आणि त्यात नव्याने सामील होणारा तर तो अंगावरच चढवतो. तेथे त्याच्या हाती नेमका कोणता इतिहास पडतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

या क्षेत्रातील ‘सील्ड नॉट’ ही मोठी संस्था ब्रिगेडियर पीटर यंग या लष्करी इतिहासकाराने १९६८ मध्ये स्थापन केली. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात १६४२ साली सुरू झालेल्या यादवी युद्धातील लढाया ती उभ्या करते. संस्थेचे नाव राजनिष्ठांच्या एका गुप्त मंडळावरून घेतले असले, तरी तिच्यात दोन्ही पक्षांच्या पलटणी आहेत. नवखा माणूस त्यांपैकी एका पलटणीत नाव घालतो. आरंभी पोशाख उसना मिळतो. तोड्याची बंदूक लगेच हाती येत नाही, कारण खरी दारू वापरायची तर रीतसर परवाने लागतात. म्हणून बहुधा त्याच्या वाट्याला येतो तो सोळा फुटांच्या आसपास लांबीचा भाला. तो कसा तोलावा, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून रेटा कसा द्यावा, समोरच्याला इजा न करता कसे झुंजावे आणि योग्य वेळी कसे पडावे, हे त्याला शिकवले जाते. लढाईचा निकाल आधीच ठरलेला असतो. शेवटी मेलेले उठून उभे राहतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

या शिकवणीत एक खरेपणा आहे, तो मान्य केला पाहिजे. पाठ्यपुस्तकातील लढाई सेनापतीच्या डोळ्यांनी, टेकडीवरून पाहिलेली असते. भालाईताला दिसते ती पुढच्याची पाठ, आणि जाणवतो तो मागच्याचा रेटा. भिजलेल्या लोकरीचे ओझे वाहताना, चिखलात पाय रोवताना नवख्याला एका दुपारी उमगते की, लढाई म्हणजे हजारो अनाम माणसांचे कष्ट. सेनापतींच्या नावांनी भरलेल्या इतिहासाला हा उतारा चांगलाच आहे.

पण तो अनाम भालाईत लढत कशासाठी होता? येथे मैदान गप्प होते. पार्लमेंटच्या विजयी सैन्यातील शिपायांनी पगाराची थकबाकी मागितली, आपल्यातून प्रतिनिधी निवडले, आणि २८ ऑक्टोबर १६४७ पासून लंडनजवळच्या पटनी येथे सेनाधिकाऱ्यांशी समोरासमोर वाद घातला. ज्या सरकारखाली राहायचे ते निवडण्याचा अधिकार गरिबातल्या गरिबालाही हवा, अशी बाजू कर्नल टॉमस रेन्सबरो यांनी मांडली; मालमत्ता नसलेल्याला मत देण्यास क्रॉमवेलचे जावई हेन्री आयर्टन यांनी विरोध केला. इकडे सह्याद्रीत स्वराज्याचा पाया घातला जात होता, त्याच वर्षांतील ही घटना. पुढे शिपायांनी बंड केले, तेव्हा त्यांच्यापैकी तिघांना १७ मे १६४९ रोजी बर्फर्ड येथील चर्चच्या आवारात गोळ्या घालण्यात आल्या. त्या तिघांचे स्मरण १९७५ पासून सुरू झाले, आणि तेही कामगार शिक्षणाच्या चळवळीतील मंडळींनी सुरू केले. मैदानावरच्या खेळात पटनीच्या वादाला सहसा जागा मिळत नाही. वादविवादातून धूर निघत नाही आणि घोडे दौडत नाहीत. नवख्याला भालाईताचा भाला मिळतो. भालाईताचा प्रश्न मात्र मिळत नाही.

हा प्रश्न टाळणे किती सोयीचे असते, याचा प्रत्यय २००१ साली यॉर्कशरमध्ये आला. त्या वर्षी उभी केली गेलेली लढाई अवघ्या सतरा वर्षांपूर्वीची होती, आणि तीत लढलेली माणसे हयात होती. १८ जून १९८४ रोजी ऑरग्रीव्ह येथील कोक कारखान्यासमोर संपकरी खाणकामगार जमले होते. वीस खाणी बंद करून वीस हजार रोजगार मोडीत काढण्याच्या योजनेविरुद्ध त्यांचा संप मार्चपासून चालू होता, आणि पोलादाच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कोकच्या गाड्या त्यांना रोखायच्या होत्या. त्यांच्यासमोर देशभरातून आणलेले हजारो पोलीस उभे होते. घोडदळ निदर्शकांवर घालण्यात आले, लाठ्या चालल्या, माणसांचा पाठलाग गावाच्या गल्ल्यांपर्यंत झाला. त्या संध्याकाळी बीबीसीच्या बातम्यांत चित्रणाचा क्रम उलटा लागला. कामगारांची दगडफेक आधी आणि घोडदळाची चाल नंतर, असे दृश्य देशाने पाहिले. हे अनवधानाने घडले, असा खुलासा १९९१ मध्ये झाला. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी संपाच्या पुढाऱ्यांची गणना देशातल्या शत्रूंत केली.

जेरेमी डेलर या कलावंताने १७ जून २००१ रोजी हीच लढाई ऑरग्रीव्हमध्ये पुन्हा उभी केली. मैदानाची आखणी हॉवर्ड जाइल्स या अनुभवी संयोजकाने केली, तर माइक फिगिस यांनी तिच्यावर चित्रपट केला. सुमारे एक हजार माणसे उतरली. त्यांत आठशेच्या आसपास ऐतिहासिक लढाया खेळणाऱ्या संस्थांचे सभासद होते; उरलेले दोनशे माजी खाणकामगार आणि स्थानिक रहिवासी. कवायत, इशारे, सुरक्षिततेचे नियम यांत सभासद मुरलेले होते. खाणकामगार त्या खेळात अगदीच नवखे. कसे धावावे आणि कोठे थांबावे, हे त्यांना शिकवले गेले. काही माजी खाणकामगारांनी तर पोलिसांचा पोशाख अंगावर चढवला.

मग नवखा कोण आणि जुना कोण? राजाच्या आणि पार्लमेंटच्या लढाया वर्षानुवर्षे लढलेला माणूस त्या दिवशी प्रथमच अशा रणांगणावर उभा होता, जेथे शेजारचा मनुष्य सांगू शकत होता की, घोडा या बाजूने आला आणि लाठी या खांद्यावर बसली. डेलर यांनी पुढे सांगितले आहे की, संस्थांच्या सभासदांपैकी पुष्कळांच्या मनात खाणकामगारांविषयी भीती होती. वृत्तपत्रांनी रंगवलेले दंगेखोर त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ही एकच गोष्ट पुरेशी बोलकी आहे. सतराव्या शतकातील शिपायाच्या बटणांपर्यंत बारकाईने अभ्यास करणारी माणसे आपल्याच काळातील कामगाराला मात्र बातम्यांतून मिळालेल्या चित्रावरून ओळखत होती. जी लढाई ‘इतिहास’ झालेली नाही, तिची साधने तपासण्याची सवय त्यांना कोणी लावलीच नव्हती.

या प्रयोगावर आक्षेप घेता येतात आणि ते क्षुल्लक नाहीत. कामगारांचा पराभव हा प्रेक्षणीय विषय करावा काय? कलेच्या पुरस्कर्त्यांनी पैसा पुरवावा आणि कामगारांनी पुन्हा एकदा मार खाण्याचे सोंग करावे, यात त्यांचा सन्मान कोणता? शिवाय या लढाईचाही निकाल ठरलेलाच होता. ज्यांनी त्या संपात घर, खाण आणि गाव गमावले, त्यांना हा खेळ जखमेवर मीठ चोळणारा वाटला तर तो त्यांचा दोष नव्हे.

तरीही एक फरक उरतोच, आणि तो निर्णायक आहे. प्रत्यक्ष भोगलेल्यांच्या साक्षी या प्रयोगाच्या पायाशी होत्या. ज्याच्या हाती भाला, त्याच्याच तोंडी प्रश्न, असा योग येथे आला. नेसबीच्या भालाईताला आज कोणी काही विचारू शकत नाही. ऑरग्रीव्हच्या कामगाराला विचारता येत होते, आणि विचारल्यावर तो गप्प बसत नव्हता.

विचारण्यासारखे पुष्कळ होते. लढाईनंतर ९५ जणांवर दंगल व बेकायदा जमाव यांसारखे आरोप ठेवले गेले. दंगलीच्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. १९८५ मध्ये पोलिसांच्या साक्षी उलटतपासणीत टिकल्या नाहीत आणि खटला कोसळला. १९९१ मध्ये साउथ यॉर्कशर पोलिसांनी ३९ कामगारांना एकूण ४ लाख २५ हजार पौंड भरपाई दिली, पण दोष कबूल केला नाही. एकाही पोलीस अधिकाऱ्यावर खटला झाला नाही. चौकशीची मागणी करणारी मोहीम २०१२ मध्ये संघटित झाली. २०१६ मध्ये सरकारने ती मागणी फेटाळली. अखेर जुलै २०२५ मध्ये वैधानिक चौकशी जाहीर झाली आणि शेफील्डच्या बिशपांची तिच्या अध्यक्षपदी निवड झाली. घटनेनंतर एकेचाळीस वर्षांनी! तोवर त्या शेतातील अनेक साक्षीदार काळाच्या पडद्याआड गेले होते.

मैदानावरची लढाई न्यायाची जागा घेऊ शकत नाही, याचा हा धडधडीत पुरावा आहे. २००१ च्या त्या दुपारी पडलेले सारे उठून उभे राहिले. परंतु बंद पडलेल्या खाणी उघडल्या नाहीत की विस्कटलेली गावे सावरली नाहीत. असे खेळ जे करू शकतात ते एवढेच की, सत्तेने मिटवून टाकलेले प्रकरण मिटलेले नाही, याची आठवण लोकांच्या डोळ्यांसमोर धरतात. हे काम लहान नाही, मात्र ते आपोआप होत नाही. लढाई कोणती निवडली, तिची हकिकत कोणाच्या तोंडून ऐकली आणि ती कोठे थांबवली, यावर सारे अवलंबून असते.

म्हणून जो तरुण वा जी तरुणी अशा पलटणीत उद्या प्रथमच दाखल होईल, तिने वा त्याने भाला जरूर उचलावा. खांद्याला खांदा लावून उभे राहण्याचे शिक्षण कोठेही मिळाले तरी ते मोलाचे आहे. पण पोशाख चढवताना त्या पोशाखातील मूळ माणसाची चौकशीही करावी. त्याचा पगार थकला होता काय? लढाई जिंकल्यावर त्याला मत मिळाले काय? आणि आपल्या मैदानी लढाईत शेवटची टाळी पडते, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचे काय झाले? या प्रश्नांची उत्तरे कवायतीच्या पुस्तकात सापडणार नाहीत. ती पटनीत, बर्फर्डच्या भिंतीपाशी आणि ऑरग्रीव्हच्या शेतात शोधावी लागतील.