थरथर नेमकी कुठे, ते आपणच सांगू या

गाडी घ्यायची ठरली, की घरातल्या बाईला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘रंग कोणता घ्यायचा?’ फार तर सीटकव्हरबद्दल तिचं मत घेतात. पुढे तीच गाडी कुरकुरायला लागली, की बोलायचं काम मात्र पुरुषांचं! आता दिवस बदललेत, हे खरं. तालुक्याच्या गावांतूनही शिक्षिका, डॉक्टर, बँकेतल्या मैत्रिणी स्वतः गाडी चालवत कामाला जातात. पण गॅरेजच्या दारात आपला शब्द अजून पोहोचलेला नाही, असं मला वाटतं. आणि एका दुखण्याच्या बाबतीत तो पोहोचणं फार गरजेचं आहे. ते दुखणं म्हणजे वेगात गेल्यावर गाडीला सुटणारी थरथर.

गावात हे दुखणं कळतच नाही. बाजार, शाळा आणि एस. टी. स्टँड यांच्यामध्ये गाडी ४० च्या वर जाते कुठे? पण आता मोठे रस्ते आपल्या दाराशी आलेत. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. वाशीम, बुलढाणा, जालना या जिल्ह्यांतल्या किती तरी गाड्या एरवी गल्लीबोळात फिरतात आणि लग्नाकार्याला निघाल्या, की थेट १०० च्या वेगाने धावतात. मग ८०-९० ला स्टिअरिंग थरथरू लागतं. आपण म्हणतो, ‘अहो, गाडी हलतेय.’ उत्तर ठरलेलं, ‘रस्ताच तसा आहे!’

रस्ता खराब असेल तर थरथर रस्त्याबरोबर बदलते. नवा गुळगुळीत पट्टा आला, की थांबते. पण रस्ता कसाही असो, ठरावीक वेगाला ती येत असेल आणि वेग कमी केल्यावर जात असेल, तर दोष गाडीत आहे. एवढी एक खूणगाठ बांधली तरी निम्मं काम झालं.

असं का होतं, ते आपल्याला घरातच बघायला मिळतं. वॉशिंग मशीनमध्ये ओली चादर एका बाजूला गोळा झाली, तर कपडे सावकाश फिरतात तोवर काही होत नाही. पाणी पिळायला ड्रम गरागरा फिरला, की अख्खं मशीन जागचं नाचतं. चाकाचंही तसंच. टायर आणि रिम यांचं वजन सगळ्या बाजूंनी सारखं राहावं म्हणून रिमच्या कडेला छोटी वजनं लावलेली असतात. खड्ड्यात आपटून त्यातलं ३० ग्रॅमचं एक वजन निखळलं, तर ४० च्या वेगात पत्ता लागत नाही. पण १०० च्या वेगात छोट्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण १५ वेळा फिरतं आणि तेवढासा फरक चाकाला जवळपास ५ किलोच्या जोराने ओढत राहतो. वेग दुप्पट झाला, की हा जोर चौपट होतो. शेताच्या रस्त्यावरचा चिखल रिमच्या आत वाळून बसला तरी हेच होतं. तेव्हा गॅरेजला जायच्या आधी चाकं आतल्या बाजूने स्वच्छ धुऊन बघा. कधी कधी औषध इतकंच असतं.

तेवढ्याने भागलं नाही, तर स्वतःलाच काही प्रश्न विचारायचे. थरथर हातात येते, की सीटमध्ये? स्टिअरिंगमध्ये येत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटमध्ये किंवा पायाखाली येत असेल तर बहुधा मागची. ती फक्त ब्रेक दाबल्यावर येते का? मग संशय ब्रेकच्या डिस्कवर. फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर येते आणि पाय उचलताच थांबते का? मग चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या दांड्याचे सांधे किंवा इंजिनाची माउंटिंग तपासायची. थरथरीऐवजी घूं घूं आवाज येतो आणि वळणावर तो कमी-जास्त होतो का? मग चाकाचं बेअरिंग. मागच्या सीटवर बसणारीलाही यातलं बरंचसं कळतं. त्यासाठी लायसन्स लागत नाही!

माझाच अनुभव सांगते. मध्यंतरी आमच्या गाडीचं स्टिअरिंग ८५ च्या पुढे थरथरायचं. गाडी मी चालवते, हे शेजारी बसतात. पण गॅरेजमधला माणूस माझ्याकडे पाठ करून ह्यांनाच विचारतो, ‘साहेब, काय प्रॉब्लेम आहे?’ ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी सांगितलं. त्याने गाडी गल्लीत एक चक्कर मारून आणली आणि म्हणाला, ‘काही नाही मॅडम, अलाइनमेंट करून टाकू.’ मी म्हटलं, ‘गाडी एका बाजूला ओढत नाही, टायरही एकीकडून झिजलेले नाहीत. मग अलाइनमेंट कशाला? बॅलन्सिंग करा.’ बॅलन्सिंग केलं, थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. तेव्हा पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे लावायला सांगितली. आता तीच थरथर सीटमध्ये यायला लागली! म्हणजे दोष चाकाबरोबर मागे गेला होता. चाक काढून फिरवून पाहिलं, तर रिम आतल्या बाजूने वाकलेली. थरथर स्टिअरिंगमध्येच राहिली असती, तर चाकांचा पिच्छा सोडून पुढचे सांधे, बुश आणि डिस्क तपासाव्या लागल्या असत्या.

त्या माणसाला मी दोष देत नाही. हाताने काम करणाऱ्याचं कसब मोठं असतं. पण जे दुखणं ८५ ला येतं, ते गल्लीतल्या ३० च्या वेगात त्याला दिसणार कसं? ते अनुभवलेलं असतं फक्त गाडीत बसलेल्या माणसाने. डॉक्टरकडे गेल्यावर ‘कसं तरी होतंय’ म्हटलं तर डॉक्टर तरी काय करणार? कुठे दुखतं, कधी दुखतं, कशाने वाढतं, हे सांगावंच लागतं. गाडीचंही तसंच आहे. आणि ते सांगणारी बाई असेल, तर तिचं ऐकून घेणं हाही कारागिरीचाच भाग आहे, असं माझं मत आहे.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग या दोन शब्दांची आपल्याकडे सरमिसळ होते, ती टाळायला हवी. अलाइनमेंट म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत की तिरकी, ते बघणं. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं. वेगातल्या थरथरीवर पहिला इलाज बहुतेक वेळा दुसरा. तो स्वस्त असतो, म्हणून सुरुवातही तिथूनच करावी. एकदम शॉकअप बदलायला निघू नये. शॉकअप दमले असतील तर गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडल्यावर ती एक-दोनदा हलून थांबत नाही, डुलत राहते. टायरवर हात फिरवला तर उंचवटे-खळगे लागतात. सांध्यांमध्ये खेळ आला असेल, तर चाकातला छोटा दोषही मोठा होऊन हाताला जाणवतो. बदललेला जुना भाग दाखवायला सांगा. त्यात संकोच कसला? पैसे आपलेच आहेत.

काही बाबतींत मात्र ‘घरी गेल्यावर बघू’ चालणार नाही. टायरच्या बाजूला टेंगूळ आलं असेल, तर आतले दोरे तुटलेले असतात. तो टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. थरथर अचानक सुरू झाली आणि वाढतच चालली, किंवा चाकातून खडखड येऊ लागली, तर वेग हळूहळू कमी करून गाडी बाजूला घ्या, इंडिकेटर लावा आणि टायर व चाकांचे नट बघा. चाक काढून पुन्हा लावलं असेल, तर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत. टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. त्याच्या बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण बघतो, मग ही का नाही?

कुणी म्हणेल, घर, नोकरी, मुलांचा अभ्यास, त्यात हे आणखी एक काम कशाला? काम वाढवा, असं मी म्हणतच नाहीये. थरथर आपल्याला जाणवतेच, फक्त ती गिळून टाकू नका. गाडीत एक छोटी वही ठेवा. किती वेगाला, हातात की सीटमध्ये, ब्रेक दाबल्यावर की नुसतीच, एवढ्या तीन गोष्टी त्यात लिहा. गॅरेजमध्ये ती वही उघडून वाचून दाखवा, समोरचा माणूस कुणाकडेही बघत असला तरी. त्या गाडीत आपली मुलं बसतात, म्हातारी माणसं बसतात, आपणही बसतो. पुढच्या वेळी कुणी ‘रस्ताच तसा आहे’ म्हणालं, तर शांतपणे विचारा, ‘मग ७० ला का थांबते?’