मेण आहे तोवरच सांगा

पैनगंगा ओलांडून विदर्भातून तेलंगणात शिरले की आदिलाबाद येते, आणि तिथून ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने निर्मलच्या दिशेने निघाले की वाटेत नेरडीगोंडा लागते. बहुतेक प्रवासी इथे वळतात ते कुंतलाचा धबधबा पाहण्यासाठी. धबधबा पाहावा, जरूर पाहावा. पण मला या गावाचे अप्रूप आहे ते वेगळ्याच कारणाने. नेरडीगोंडा दोन कलांच्या मधल्या वाटेवर वसले आहे. दक्षिणेला महबूब घाट उतरला की निर्मल, तिथल्या लाकडी खेळण्यांचे आणि काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी रंगाने उजळणाऱ्या चित्रांचे गाव. पूर्वेला उटनूरच्या पलीकडे डोंगराळ मुलूख. तिथल्या उशेगावसारख्या खेड्यांत वोज समाजाचे ओतारी पितळेच्या मूर्ती, घंटा, दागिने घडवतात. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्यामुळे ही गावे आज वेगवेगळ्या जिल्ह्यांत मोडतात. कलेचे नाव मात्र 'आदिलाबाद डोकरा' हेच राहिले आणि २०१८ साली त्याच नावाने तिला भौगोलिक मानांकन मिळाले.

या ओतकामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. आधी मातीचा गाभा करायचा. त्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या गुंडाळत, चिकटवत नक्षी उठवायची. मग वरून मातीचा लेप. साचा तापवला की मेण वितळून जाते आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेत वितळलेले पितळ ओततात. शेवटी साचा फोडायचा. म्हणजे एका साच्यातून एकच वस्तू! मेण असते तोवर हवी तितकी दुरुस्ती करता येते. बोट ठेवून दाखवता येते, दोरी सोडवून पुन्हा बसवता येते. पितळ ओतल्यावर घासूनपुसून चकाकी आणता येईल, पण वाकडा राहिलेला हात वाकडाच राहणार.

मंडळी, चित्राचेही असेच असते असे माझे म्हणणे आहे. विशेषतः पुस्तकातल्या, दिवाळी अंकातल्या, कथेबरोबर छापायच्या चित्राचे. पेन्सिलीचे रेखाटन हे त्याचे मेण आणि छपाई हे पितळ. आणि आपण काय करतो? मेणाच्या वेळी गप्प बसतो आणि पितळ ओतून झाले की तोंड उघडतो! रेखाटन समोर आले की "छान आहे", "बरें जालां" एवढे म्हणून मोकळे. अंक हातात पडल्यावर मात्र कुणाला नऊवारीचा काष्टा चुकलेला दिसतो, कुणाला बैलाचे शिंग. तेव्हा सांगून उपयोग कुणाला? चित्रकाराला नाही, वाचकाला नाही.

बरे, टीका करणे आपल्याला जमत नाही असेही नाही. गोव्यात भजनी स्पर्धेला गेलेल्या माणसाला हे सांगायला नको. पखवाजवाला समेवर जरा घसरला तर मांडवातला म्हातारा लगेच मान हलवतो, आणि त्याला नेमके कळलेले असते की काय बिघडले आहे. चतुर्थीच्या आधी चित्रशाळेत डोकावून पाहा. माती ओली असताना शेजारी येतो, "सोंड जरा जाड वाटते" म्हणतो, मूर्तिकार दोन पावले मागे सरून बघतो आणि पटले तर हात फिरवतो. डोळ्यांची आखणी झाल्यावर कुणी असे बोलत नाही. ही शिस्त आपल्या गावात शतकानुशतके आहे. कागदावरच्या चित्रापाशी आल्यावर तीच शिस्त कुठे जाते?

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मुलांच्या गोष्टींचे एक पुस्तक तयार होत होते आणि त्या कामात माझाही थोडा हात होता. आजोबांबरोबर पहिल्यांदा समुद्रात जाणाऱ्या मुलाची गोष्ट होती. चित्रे काढणारी मुलगी नवखी, नुकतीच कला शिकून बाहेर पडलेली. तिने पहिले रेखाटन टेबलावर ठेवले. होडी, वल्हवणारा आजोबा, टोकाला बसलेला मुलगा. देखणे होते. नेहमीप्रमाणे "छान" म्हणून आम्ही चहा मागवला असता तर ते तसेच छापलेही गेले असते.

पण समुद्रकाठी वाढलेला एक मित्र तिथे होता. तो म्हणाला, "उलांडी कुठे आहे?" होडीच्या बाजूला बांबूंनी जोडलेला, तोल सांभाळणारा तो ओंडका. त्याच्याशिवाय ही होडी पहिल्याच लाटेला कलंडली असती. चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "मुलगा पानाच्या बाहेर बघतोय. त्याच्यामागून माझी नजरही बाहेर जाते, गोष्टीकडे येतच नाही." तिसरा आक्षेप खुद्द लेखकाचा. त्याला किनाऱ्यावर उभी असलेली आई हवी होती, शिवाय माड आणि दीपस्तंभही.

आठवड्याने ती दुसरे रेखाटन घेऊन आली. उलांडी होती, पण कुठूनतरी आणून चिकटवल्यासारखी. चूक दुरुस्त झाली होती, चित्र सुधारले नव्हते. दोन्हींत फरक असतो! बाईंनी तेवढेच सांगितले आणि उपाय काय तो सुचवला नाही. तिसऱ्या खेपेला तिने होडीच फिरवली. उलांडी आता पुढे आली होती आणि तिचे दोन बांबू तिरके होत होत बघणाऱ्याची नजर थेट मुलापाशी नेत होते. मुलाचे तोंड आता मजकुराकडे, मोकळ्या पाण्याकडे. जी वस्तू आधी राहून गेली होती, तिच्यावरच सगळे चित्र उभे राहिले. आणि किनाऱ्यावरची आई? ती तिने काढली नाही. "आई दिसली तर मुलगा एकटा कसा वाटेल?" असे तिने शांतपणे विचारले आणि लेखक गप्प झाला.

यात मला तीन गोष्टी दिसतात. पहिली टीका माहितीची. ती ऐकायचीच असते, तिथे वाद नाही. दुसरी नजरेची. ती सांगणाऱ्याने "मला इथे असे होते" एवढेच सांगावे, उपाय चित्रकारावर सोडावा. तिसरी आवडीची. ती ऐकून घ्यावी आणि नाकारण्याचा हक्क चित्रकाराकडे ठेवावा. हे तीन गठ्ठे वेगळे करता आले की टीकेची निम्मी भीती जाते.

अपेलीझ या ग्रीक चित्रकाराची गोष्ट प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहे. तो आपली चित्रे लोकांना दिसतील अशी मांडून मागे लपून राही. एकदा एका मोच्याने चपलेचा एक बंद कमी असल्याचे दाखवले आणि अपेलीझने तो सुधारला. दुसऱ्या दिवशी फुशारलेला मोची पायाच्या ठेवणीवर बोलू लागला, तेव्हा चित्रकार बाहेर आला आणि म्हणाला, मोच्याने चपलेच्या वर जाऊ नये. ही गोष्ट नेहमी मोच्याला हसण्यासाठी सांगितली जाते. मला तिचा पहिला दिवस अधिक मोलाचा वाटतो. एवढा नावाजलेला चित्रकार, आणि त्याने चप्पल पुन्हा रंगवली!

उलट उदाहरण व्हॅन गॉगचे. १८८५ साली त्याने 'बटाटे खाणारे' या विषयाची शिळाछाप प्रत आपला चित्रकार मित्र व्हॅन रापार्ड याला पाठवली. उत्तर आले ते झोंबणारे. माणसांना सांधे नाहीत, हात आखूड आहेत, सगळे वरवरचे आहे, अशा सुराचे. व्हॅन गॉगने ते पत्र परत पाठवले आणि काही महिन्यांत ही जुनी मैत्री संपली. तरीही त्या उन्हाळ्यात त्याने शेतात राबणाऱ्या माणसांची मोठमोठी अभ्यासचित्रे काढली, शरीराची घडण पुन्हा हातात बसवायचा प्रयत्न केला. टीकेत तथ्य होते, पण ती छापून झालेल्या चित्रावर आली, तीही चाबकासारखी. कामाला थोडी उपयोगी पडली, माणसे मात्र तुटली. मेणाच्या वेळी, समोरासमोर बसून बोलणे झाले असते तर?

इथे कुणी विचारील, सगळ्यांचे ऐकत बसले तर चित्रकाराचे स्वतःचे काय उरणार? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या गोव्यातच आहे. सांत इस्तेवच्या आंजेलो द फोन्सेका यांनी शांतिनिकेतनात शिक्षण घेतले आणि मरियेला साडी नेसवून भारतीय स्त्रीच्या रूपात रंगवले. गोव्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. अखेर ते पुण्याला गेले आणि तिथेच काम करत राहिले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. त्यांच्यावर झालेली टीका चित्राच्या रेषेवर नव्हती. असे चित्र काढायचा तुला अधिकारच काय, असे ती विचारत होती. ती ऐकली नाही हेच बरे केले. चित्र अधिक चांगले व्हावे म्हणून बोलणारा आणि चित्र होऊच नये म्हणून बोलणारा, हे दोघे वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्याला शेजारी बसवावे, दुसऱ्याला लांबून नमस्कार करावा.

आज हा विषय काढण्याला कारण आहे. संगणकाला चार ओळी सांगितल्या की तो क्षणात गुळगुळीत, रंगीत चित्र समोर ठेवतो. अनेक मुखपृष्ठे आता अशीच होतात. त्या चित्रात बोटे सहा आहेत की पाच, हा प्रश्न मला तितकासा छळत नाही. ते सुधारत जाईल. मला खुपते ते हे की त्या चित्राला मेणाची अवस्थाच दिसत नाही. ते पितळ होऊनच समोर येते, आणि चकाकी पाहून कुणी तोंड उघडत नाही. उलांडी नसलेली होडी तशीच छापली जाते आणि ती पाहून मोठे होणारे मूल उलांडी विसरून जाते.

म्हणून संपादक मित्रांना एक विनंती. दिवाळी अंकाची कथा चित्रकाराच्या हाती शेवटच्या आठवड्यात देऊ नका. पंधरा दिवस आधी द्या, कच्चे रेखाटन मागवा आणि दुसऱ्या एका चित्रकाराला तासभर बोलवा. ज्याच्यावर गोष्ट आहे, त्या धंद्यातला एक माणूसही बोलवा, मग तो तांडेल असो, पदेर असो की रेंदेर. दुसऱ्या रेखाटनाचे पैसेही द्या, कारण पुन्हा काढणे हेही कामच आहे. आणि चित्रकार मित्रांनो, "छान आहे" एवढेच म्हणणाऱ्याला सोडू नका. त्याला विचारा, नजर आधी कुठे गेली, आणि मग कुठे अडली? तो जिथे बोट ठेवील, तिथे खोडरबर घेऊन बसा.