भोळा कोण?

कुणाच्या खात्यातले पैसे गेले, कुणाच्या नावावर परस्पर कर्ज निघाले, की आपण लगेच म्हणतो, "एवढी शिकलेली माणसं, फसतात कशी?" मंडळी, मला हे वाक्य मुळीच आवडत नाही.

आमच्या ठाण्यातलेच उदाहरण घ्या. जानेवारी २०१८ च्या अखेरीस ठाणे पोलिसांनी काही खासगी गुप्तहेरांना पकडले. लोकांच्या मोबाईलचे सीडीआर, म्हणजे कोणी कोणाला केव्हा आणि किती वेळ फोन केला त्याची यादी, ते विकत होते असा आरोप होता. पुढे अटक झालेल्यांत एक पोलीस शिपाईही होता. आता सांगा, ज्यांच्या याद्या विकल्या गेल्या त्यांनी कुणाला ओटीपी दिला होता? ती माणसे आपापल्या घरी निवांत होती!

पुण्यात एप्रिल २००५ मध्ये उघडकीस आलेल्या एम्फसिस कॉल सेंटरच्या प्रकरणात न्यूयॉर्कच्या सिटीबँक खातेदारांचे सुमारे साडेतीन लाख डॉलर गेले. तिथे खातेदारांनी पिन सांगितले होते खरे, पण बँकेचा माणूस समजूनच.

आणि आपली ओळख पटवतात तरी कशावरून? जन्मतारीख आणि आईचे माहेरचे नाव. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे, त्यामुळे निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. आईचे माहेर गुपित असते असे ज्याला वाटले तो आपल्याकडच्या एकाही लग्नाला गेलेला नसावा. असो.

दुसऱ्याची ओळख वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण माहिती गोळा करून ती उघड्यावर टाकणाऱ्याचे काय? त्याला २५० कोटींपर्यंत दंड सांगणारा कायदा २०२३ साली झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत. तोवर शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार पुढे केले तरी "पूर्ण झेरॉक्स द्या" हे ऐकावे लागतेच.

माजिवड्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर पाहुण्यांची नावे नि मोबाईल नंबर लिहिलेले रजिस्टर दिवसभर उघडे पडलेले असते. येणारा प्रत्येक जण वरच्या दहा ओळी वाचूनच आपली लिहितो. नंबरचा रकाना काढून टाका, असा अर्ज मी कमिटीला दिला आहे. सेक्रेटरी म्हणाले, "सर, आजवर कुठं काय झालंय?"