पारपत्रसेवा अत्यावश्यकच

संकटकाळात कोणती सेवा अत्यावश्यक मानायची, हे शासनाला ठरवावे लागते. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत दवाखाने, औषधे, दूध, वीज आणि बँका यांना त्या यादीत स्थान मिळाले, ते योग्यच होते. मार्चअखेरीस बंद झालेली पारपत्र सेवा केंद्रे मात्र मे महिन्यापासून टप्प्याटप्प्याने उघडली. विमानेच उडत नसताना पासपोर्ट कशाला हवा, असे देशात राहणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. परदेशस्थ भारतीयाची स्थिती तशी नाही.

संयुक्त अरब अमिरातीत त्या वेळी सुमारे ३४ लाख भारतीय होते. कोकणातील कितीतरी घरांची चूल आखातातील पगारावर पेटते. तेथे वास्तव्याचा परवाना पारपत्राशी बांधलेला असतो. पारपत्राची मुदत संपली की परवाना अडतो आणि परवाना अडला की नोकरी धोक्यात येते. नेमक्या अशा वेळी अनेक वकिलातींना गर्दी टाळण्यासाठी ही सेवा तातडीच्या प्रकरणांपुरती मर्यादित ठेवावी लागली. कर्मचाऱ्यांच्या जिवाची काळजी घेणे आवश्यकच होते; पण रांगेबाहेर राहिलेल्यांचे काय?

७ मे २०२० रोजी सुरू झालेल्या 'वंदे भारत' मोहिमेने लाखो देशबांधवांना मायदेशी आणले. हे कार्य अभिमानास्पदच आहे. पारपत्र नसलेल्यासाठी आपत्कालीन प्रमाणपत्राचीही सोय असते. मात्र ते केवळ परतीच्या एका प्रवासापुरते असते. ज्याला तेथेच राहून नोकरी टिकवायची आहे, त्याला त्याचा उपयोग नाही.

परदेशगमनाचा अधिकार घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मनेका गांधी खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून पारपत्र देणे ही शासनाची मेहेरबानी ठरत नाही. मुदतवाढीचा शिक्का मारणे सोपे वाटेल. परंतु यंत्राने वाचल्या जाणाऱ्या पारपत्रावरील तारीख शिक्क्याने बदलत नाही. यजमान देशाने ती वाढ मान्य करावी लागते. अमेरिकेने मे २०२१ मध्ये मुदत संपलेल्या पारपत्रावर आपल्या नागरिकांना काही अटींवर मायदेशी परतू दिले. तो निर्णय तिच्या एकटीच्या हातातला होता. परक्या भूमीवरील वास्तव्यासाठी मात्र उभयपक्षी करारच लागतो आणि असे करार साथ दारात आल्यावर होत नसतात. ते शांततेच्या काळातच केले पाहिजेत. टपालाने अर्ज स्वीकारणे, कामगार वसाहतींत फिरती पथके पाठवणे यांचीही आखणी आधीच हवी.

नागरिकांचेही कर्तव्य आहे. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नव्या पारपत्रासाठी अर्ज करता येतो. प्रत्येक कुटुंबाने कपाटातील पारपत्रांवरील तारखा आजच पाहाव्यात. परदेशातील आप्तांनाही त्याची आठवण द्यावी. दूरदेशी राबणाऱ्या भारतीयाच्या खिशातील पारपत्र म्हणजे मायभूमीने त्याला दिलेला शब्द आहे. तो शब्द संकटाच्या काळातही पाळला गेला पाहिजे.