एसटीची खिडकी आणि मनाचे आरोग्य

प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काश्मीर किंवा केरळ उभे राहते, निदान चिखलदरा तरी. त्यासाठी पैसे साठवायचे, रजा काढायची आणि मग आनंद घ्यायचा, असा आपला समज. वर्षभर एसटीने होणारे जाणे-येणे मात्र आपण प्रवासात धरतच नाही. ती केवळ दगदग! आरोग्याच्या दृष्टीने ही समजूत बदलायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आंधळगावचेच उदाहरण घेऊ. मोहाडी तालुक्यातील हे गाव कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध. येथून कोणी शिकायला मोहाडीला जातो, कोणी बाजाराला तुमसरला, तर कोणी रक्तदाब तपासायला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात. कित्येक घरांतील म्हाताऱ्या माणसांना तर दवाखान्याची फेरी हाच काय तो प्रवास उरतो. तोही चिंता करीत किंवा मोबाईलमध्ये मान खुपसून संपवला, तर विरंगुळा मिळायचा कोठून?

रोजच्या प्रवासाचा कंटाळा इतरत्रही आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाची हकीकत लिहून घेण्यात आली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सकाळी कामावर जाण्याचा वेळ दिवसातील सर्वांत कमी सुखाच्या वेळांत मोडला. हा वेळ टाळता येत नाही. पण तो कसा घालवायचा, हे बरेचसे आपल्या हाती आहे.

कॅलिफोर्नियातील संशोधकांनी साठीपुढील काही लोकांना आठवड्यातून एकदा १५ मिनिटे फिरायला सांगितले. त्यांतील निम्म्यांना एवढेच जास्तीचे सांगितले, की नव्या नजरेने पाहा, नवल वाटेल असे काही शोधा. आठ आठवड्यांनंतर नुसते फिरणाऱ्यांपेक्षा ही मंडळी अधिक आनंदी आढळली. हे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. तो प्रयोग पायी फिरण्याचा होता हे खरे. पण नजर बसमध्येही आपल्याजवळच असते.

आपल्या रस्त्यावर नवल करण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. आषाढात रोवणी करणाऱ्या बायांची वाकलेली रांग पाहा. या आठवड्यात पोपटी दिसणारी बांधी पुढच्या फेरीला गडद हिरवी झालेली असते. फाल्गुनात पळस पेटतो, चैत्रात पहाटे मोहफुले वेचणारी माणसे दिसतात. बोडीत बगळा निश्चल उभा असतो. तो मासा टिपतो की नाही, हे पाहण्याआधीच बस पुढे निघते! वरठीजवळ हावडा-मुंबई मार्गावरची गाडी धडधडत जाते, तेव्हा साठीच्या माणसालाही डबे मोजावेसे वाटतात. रस्त्यालगत ऐनाचे झाड दिसले, तर याच जातीच्या पानांवर कोशाची अळी पोसते हे सोबतच्या नातवाला सांगा. या लहान थराराला तिकिटापलीकडे एक पैसा लागत नाही.

शरीरालाही याचा लाभ आहे. मागावर दिवसभर बारीक धागा पाहणाऱ्या किंवा पुस्तकात डोके घालून बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचे स्नायू दूरवर पाहिल्याने सैल होतात. ज्यांना बस लागते, त्यांनी तर वाचन आणि मोबाईल टाळून समोर दूर नजर ठेवावी. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि डोळे यांच्या संदेशांत विसंगती आली की मळमळ सुरू होते.

शेजाऱ्याशी दोन शब्द बोलणे हाही गुणकारी उपाय. शिकागोच्या प्रवाशांवरील २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, अनोळखी माणसाशी बोलण्यापेक्षा गप्प बसणेच बरे, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचाच प्रवास अधिक सुखाचा झाला. ‘कोणतं गाव जी तुमचं?’ हा आपल्याकडचा जुना प्रश्न आता कानांत बोंडे घालून बसणाऱ्यांमुळे ऐकू येईनासा झाला आहे. तो टिकवावा.

मात्र थरार आणि धोका यांत गल्लत नको. दारात लोंबकळणे, खिडकीबाहेर हात काढणे, पुलावरून पाणी वाहत असताना चालकाला ‘घाला गाडी’ म्हणून चिथावणे, याला मौज म्हणत नाहीत.

आणखी एक. वैशाखाच्या उन्हात तासभर उघड्यावर उभ्या असलेल्या म्हातारीला ‘निसर्ग पाहा’ असे सांगणे ही थट्टा ठरेल. मन रमायला आधी देहाला सावली हवी. राज्यात २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आणि २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात झाला. चांगलेच झाले. पण थांब्यावर छप्पर, बाकडे आणि पिण्याचे पाणी नसेल, तर त्या सवलतीचे सुख अर्धेच राहते. ही मागणी ग्रामसभेत आरोग्याची मागणी म्हणून मांडली पाहिजे.

खिडकी हे औषध नव्हे, पथ्य आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप उडाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटावे किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. बाकी सर्वांनी पुढच्या फेरीला एवढेच करून पाहावे: निदान अर्धी वाट मोबाईल खिशात ठेवावा, आणि घरी परतल्यावर आज नवे काय दिसले ते एका तरी माणसाला सांगावे.